लहान यूट्यूब वाहिन्या आणि प्रेक्षकाचा प्रश्न : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रातील यूट्यूब वाहिन्यांविषयी मराठीत जे काही लिहिले जाते ते बहुतांशी यशोगाथांच्या स्वरूपाचे असते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सत्तरीच्या सुमन धामणे यांनी नातवाच्या मदतीने 'आपली आजी' ही पाककृतींची वाहिनी सुरू केली आणि २०२० मध्ये ती घराघरांत पोहोचली, ही कथा वृत्तपत्रांनी अनेकदा सांगितली. सातारा जिल्ह्याच्या खेड्यात चित्रित झालेल्या 'गावाकडच्या गोष्टी' या मालिकेचा उल्लेखही अशाच कौतुकाने होतो. ही कौतुके रास्त आहेत. परंतु जे पोहोचले त्यांच्याकडे पाहून जे पोहोचले नाहीत त्यांची कारणे शोधणे हा तर्कदोष होय. पोहोचलेल्यांच्या अंगी जे गुण दिसतात, तेच गुण न पोहोचलेल्यांच्याही अंगी असण्याचा संभव आपण तपासतच नाही.

बीड जिल्ह्यात बातम्या, कीर्तने, शेतीविषयक माहिती, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन, पाककृती, गावरान विनोदी नाटुकली अशा नाना प्रकारच्या वाहिन्या निघतात. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाल्यानंतर त्यांच्या निर्मितीला वेग आला. यांपैकी बऱ्याच वाहिन्या काही डझन चित्रफितींनंतर थांबतात. त्या का थांबतात, याची दोन उत्तरे सर्वत्र ऐकू येतात. पहिले उत्तर निर्मात्याला दोष देते : सातत्य नाही, आवाज नीट नाही, मुखचित्र आकर्षक नाही. दुसरे उत्तर सगळा दोष 'अल्गोरिदम' नामक अदृश्य शक्तीवर टाकते. दुसऱ्या उत्तरात अल्गोरिदमने पूर्वीच्या दैवाची जागा घेतलेली दिसते, एवढाच काय तो फरक. प्रस्तुत लेखात या दोन्ही उत्तरांची चिकित्सा करून असे मांडण्याचा प्रयत्न आहे की, लहान वाहिनीची खरी अडचण तिच्या मापात आहे. तिचा स्वाभाविक प्रेक्षक ज्या मापाने मोजला जातो, त्या मापात तो बसूच शकत नाही. आणि ते माप गाठण्याच्या प्रयत्नात तिच्याजवळ असलेली एकमेव पुंजी, म्हणजे जवळीक, ती गमावून बसते.

लक्षाचे विषम वाटप

प्रथम प्रमाणाचा विचार केला पाहिजे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट येथील संशोधकांनी २०२३ मध्ये यूट्यूबवरील चित्रफितींचा यादृच्छिक नमुना घेऊन अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, नमुन्यातील मध्यक चित्रफीत सुमारे चाळीस वेळाच पाहिली गेली होती. दहा हजारांहून अधिक वेळा पाहिल्या गेलेल्या चित्रफिती चार टक्क्यांहूनही कमी होत्या, आणि एकूण पाहण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा या मूठभर चित्रफितींकडे होता. जर्मन अभ्यासक माथियास बेर्टल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले दहा वर्षांचे विश्लेषणही हेच सांगते : काळ जाईल तसे वरच्या थोड्या वाहिन्यांकडे प्रेक्षक अधिकाधिक एकवटत गेले. म्हणजे गेवराई किंवा धारूर येथील एखाद्या तरुणाची चित्रफीत दोनशे जणांनी पाहिली, तर तो जगाच्या सरासरी अनुभवाहून बराच पुढे आहे. त्याला मात्र ते अपयश वाटते, कारण त्याच्यासमोर आदर्श म्हणून कोट्यवधींची संख्या ठेवलेली असते.

हे वाटप गुणानुसार होते काय? या प्रश्नाचा शोध घेणारा एक प्रयोग सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. त्यांनी अपरिचित गायकवृंदांची ४८ गाणी १४ हजारांहून अधिक लोकांसमोर ठेवली. काहींना इतरांच्या पसंतीची माहिती दिली नाही; उरलेल्यांचे आठ स्वतंत्र गट करून प्रत्येकाला केवळ आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले एवढे दाखवले. निष्पन्न असे झाले की, इतरांची पसंती दिसू लागताच विषमता वाढली, आणि एका गटात अग्रभागी असलेले गाणे दुसऱ्या गटात पार मागे राहिले. अत्युत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार गाणी सहसा वर आली नाहीत. परंतु मधल्या सर्वांचे भवितव्य पहिल्या काही श्रोत्यांच्या योगायोगावर ठरले. आपल्याकडील बहुसंख्य वाहिन्या या मधल्या वर्गात मोडतात, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. त्यांच्यापुढे 'गुण असेल तर प्रेक्षक येतोच' हे वचन उच्चारणे म्हणजे अर्धसत्य सांगणे होय.

अग्रक्रमाचा लाभही विसरता येत नाही. मधुरा बाचल यांनी पाककृतींच्या चित्रफिती २००९ च्या सुमारास सुरू केल्या. त्या वेळी मराठी पाककृती शोधणाऱ्यापुढे पर्याय मोजके होते. सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅक्ग्लिन यांनी 'भाडिपा' २०१६ मध्ये उभी केली, तेव्हा मराठी शहरी विनोदाचे ते क्षेत्र जवळपास मोकळे होते. आज त्याच वाटेने निघणाऱ्याला त्याच गुणांवर तेच फळ मिळेल, असे समजण्यास आधार नाही.

आता अल्गोरिदमविषयी. यूट्यूबच्याच अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधावरून या यंत्रणेचा ढाचा समजतो. आधी असंख्य चित्रफितींतून काही शे उमेदवार निवडले जातात. नंतर हा प्रेक्षक त्यांपैकी कोणती किती वेळ पाहील याचा अंदाज बांधून त्यांना क्रम दिला जातो. अंदाजाचा आधार म्हणजे पूर्वीच्या प्रेक्षकांचे वर्तन. २०१२ पासून यूट्यूबने केवळ पाहण्यांच्या संख्येऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिले. यात कोणाविरुद्ध आकस नाही. तथापि खेड्यातील वाहिनीची येथे एक विचित्र कोंडी होते. तिचे पहिले प्रेक्षक म्हणजे सोयरेधायरे, मित्र आणि भावकी. ते आग्रहाखातर सबस्क्राइब करतात, भिडेखातर चित्रफीत उघडतात आणि दहा सेकंदांत बंद करतात. लग्नात आहेर द्यावा तसे ते सबस्क्रिप्शन देतात. माणसांच्या व्यवहारात या कृतीचा अर्थ 'आम्ही तुझ्यासोबत आहोत' असा होतो. यंत्राच्या हिशेबात तिचा अर्थ 'लोकांनी उघडली आणि सोडून दिली' असा होतो. ज्याला चित्रफीत खरोखर आवडते, तो ती उतरवून व्हॉट्सअॅपच्या गटात टाकतो. तेथे ती गावभर पाहिली जाते, आणि त्यातले एकही पाहणे वाहिनीच्या खाती जमा होत नाही. ज्या गावात वाहिनीची चर्चा पारावर चालते, त्याच गावात तिचा आकडा मात्र हलत नाही, हा विरोधाभास यातून उद्भवतो.

गावाचे गणित

या ठिकाणी थोडे अंकगणित करणे अगत्याचे आहे. यूट्यूबने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलेल्या नियमानुसार जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे आवश्यक आहे. त्यापूर्वी, २०१७ च्या एप्रिलपासून, एकूण १०,००० पाहण्यांची अट होती. दोहोंतील अंतर पाहता लहान वाहिन्यांना दारातूनच परत पाठविण्यात आले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

समजा, तीन हजार लोकवस्तीच्या एका गावात वाहिनी आहे. ती दर आठवड्याला सहा मिनिटांची एक चित्रफीत प्रसिद्ध करते आणि गावातील पाचशे माणसे ती दर आठवड्याला, एकही सेकंद न गाळता, पूर्ण पाहतात. लहान मुले आणि वृद्ध वगळता गावातील मोठा हिस्सा आपल्या वाहिनीशी इतका एकनिष्ठ असणे हे कोणत्याही वृत्तपत्राला वा आकाशवाणी केंद्राला हेवा वाटावा असे यश होय. वर्षाचा हिशेब केला तर ५०० गुणिले ६ गुणिले ५२, म्हणजे १,५६,००० मिनिटे, अर्थात २,६०० तास होतात. चार हजारांचा उंबरठा दूरच राहिला. जून २०२३ मध्ये यूट्यूबने खालची पायरी म्हणून ५०० सबस्क्रायबर आणि ३,००० तासांची सवलत दिली, तीही या वाहिनीला गाठता येत नाही. आणि गाठली तरी त्या पायरीवर प्रेक्षकांकडून थेट वर्गणी घेण्याची सोय मिळते, जाहिरातींचा वाटा मिळत नाही. छोट्या उभ्या चित्रफितींचा पर्याय स्वीकारावा तर नव्वद दिवसांत एक कोटी पाहणी हवीत. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार आहे. तान्ह्या बाळापासून प्रत्येकाने तीन महिन्यांत जवळपास चार वेळा पाहावे, तेव्हा ही अट पुरी होईल.

या गणिताचा अर्थ स्पष्ट आहे. एका गावाची संपूर्ण मान्यता मिळवलेली वाहिनीसुद्धा या व्यवस्थेच्या लेखी अपयशी ठरते. व्यवस्था बेरीज पाहते, प्रमाण पाहत नाही. गावातील दर सहा माणसांमागे एकाने पाहिले, ही गोष्ट नोंदवण्याची तिच्याजवळ जागाच नाही.

जत्रा, सप्ताह आणि पडदा

मराठवाड्यात प्रेक्षक जमण्याची एक जुनी रीत आहे. कपिलधारच्या यात्रेत, परळीच्या महाशिवरात्रीत, गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत माणसे तिथीने जमतात. कीर्तनकार नवखा असला तरी सातव्या दिवसापर्यंत मंडप भरतो, कारण श्रोता कीर्तनकारासाठी जितका आलेला असतो तितकाच सप्ताहासाठी आणि शेजाऱ्यासाठी आलेला असतो. तमाशाच्या फडालाही जत्रेने प्रेक्षक दिला. फडाने तो राखला. म्हणजे नवख्या कलावंताला पहिला प्रेक्षक स्थळ आणि काळ यांनी उसना दिलेला असे. यूट्यूबवर स्थळही नाही आणि तिथीही नाही. तेथे नवख्या कीर्तनकाराची चित्रफीत राज्यातील सर्वांत प्रसिद्ध कीर्तनकाराच्या चित्रफितीशेजारी ठेवली जाते आणि अंगठ्याच्या एका हालचालीत निवाडा होतो.

याचा परिणाम कीर्तन चित्रित करणाऱ्या वाहिन्यांवर स्वच्छ दिसतो. कॅमेरा ख्यातनाम महाराजांच्या मागे धावतो. त्यांच्या दोन तासांच्या कीर्तनातील दोन मिनिटांचा हशा कापून घेतला जातो. इंदुरीकर महाराजांनी आपल्या कीर्तनांच्या चित्रफितींवर कमाई करणाऱ्या यूट्यूब वाहिन्यांविषयी जाहीर संताप व्यक्त केला आहे, आणि २०२० मधील त्यांच्या वादाचे मूळही अशाच प्रसारित झालेल्या एका कीर्तनात होते. महाराजांच्या त्या विधानाचे समर्थन होऊ शकत नाही. येथे मुद्दा वेगळा आहे. गावच्या सप्ताहात पाचव्या दिवशी उभा राहिलेला, चांगला पाठ असलेला तरुण कीर्तनकार या सर्व वाहिन्यांना दिसतच नाही.

वृत्तवाहिन्यांच्या बाबतीत तुलना स्थानिक दैनिकांशी करावी लागेल. बीड हे लहान शहर असूनही तेथे 'झुंजार नेता', 'पार्श्वभूमी', 'चंपावतीपत्र' यांसारखी दैनिके निघत आली. परळीने 'मराठवाडा साथी' दिले. ही पत्रे खपाच्या बळावर जगली असे कोणी म्हणणार नाही. शासकीय नोटिसा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुकानांची उद्घाटने आणि दशक्रियाविधीच्या निवेदनांवर ती उभी राहिली. या व्यवहारात दोष पुष्कळ होते, परंतु एक गोष्ट होती : जाहिरातदाराला वाचक ठाऊक होता. मोंढ्यातील बियाणांच्या दुकानदाराला हजार वाचक पुरत, कारण ते हजार त्याचेच गिऱ्हाईक होते. यूट्यूबवरील जाहिरातीचा लिलाव दूर कुठेतरी यंत्रात होतो. तेथे मराठी प्रेक्षकाचा भाव इंग्रजी प्रेक्षकाहून कमी, आणि बीडचा शेतकरी म्हणून त्याचे वेगळे मोल शून्य. मग लहान वृत्तवाहिनी उत्पन्नासाठी कोणाकडे वळते? पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या थेट प्रक्षेपणाकडे. ज्याच्याविषयी बातमी द्यायची, त्याच्याच खर्चाने कॅमेरा चालतो. प्रेक्षक न मिळण्याचा प्रश्न हा केवळ निर्मात्याच्या निराशेचा प्रश्न नाही, तो येथे पत्रकारितेच्या स्वातंत्र्याचा होतो.

जिल्ह्याबाहेरचा प्रेक्षक

गावात माप भरत नाही म्हटल्यावर वाहिनी बाहेरचा प्रेक्षक शोधू लागते. त्या शोधात भाषेचा बळी पहिला जातो. घरात 'कामून आलास' आणि 'काय करायलास' असे बोलणारा मुलगा कॅमेऱ्यासमोर 'नमस्कार मंडळी, आजच्या व्हिडिओमध्ये आपण पाहणार आहोत' असे बोलू लागतो. शीर्षक अर्धे हिंदी, अर्धे इंग्रजी होते, कारण शोधणारेही पुष्कळदा रोमन लिपीतच शोधतात. विनोदी नाटुकल्यांत बोली उरते ती अडाणीपणाची खूण म्हणून. वर्गात विद्यार्थ्यांना या चित्रफिती दाखवल्या असता ते हसतात. मात्र त्यातील म्हातारा आपल्या आजोबांसारखा बोलतो का, असे विचारले की क्षणभर थांबतात आणि नाही म्हणतात.

येथे निर्मात्यांना झुकते माप देण्याचे कारण नाही. अनेक चित्रफिती खरोखर वाईट असतात. वाऱ्याच्या आवाजात शब्द बुडतात. सहा मिनिटांतील दीड मिनिट प्रास्ताविकात आणि बेल दाबण्याच्या विनवणीत जाते. सोयाबीनवरील रोगाची माहिती देताना झाडाचे पानच जवळून दाखवले जात नाही. पाहणाऱ्याचा वेळ ही उधारी आहे, याची जाणीव त्यांत दिसत नाही. 'आपली आजी' या वाहिनीत नेमके उलटे घडले : आजींनी यूट्यूबकडे पाहून बोलणे बदलले नाही, त्या चुलीपुढे जशा बोलत तशाच बोलल्या. परंतु त्यांच्यानंतर निघालेल्या अनेक वाहिन्यांनी चूल उचलली, मातीची भांडी उचलली आणि बोलणे मात्र टाकून दिले.

बाहेरच्या प्रेक्षकाला बीडकडून काय हवे असते, हा अधिक गंभीर प्रश्न होय. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. पुढील काही महिने राज्यभरातील वाहिन्यांच्या मथळ्यांत बीड होते. या घटनेचा पाठपुरावा होणे आवश्यकच होते आणि स्थानिक पत्रकारांनी त्यात मोलाचे काम केले. परंतु लहान वाहिनीच्या दृष्टीने यातून जो धडा निघतो तो भयावह आहे : जिल्ह्याबाहेरचा प्रेक्षक मिळवण्याचा खुला रस्ता म्हणजे जिल्ह्याची बदनामी. आठवड्याचे दर, कालव्याचे पाणी, बंद पडलेली शाळा यांवर त्या रस्त्याने कोणी येत नाही. त्यातही जातीय तणावाला हात घालणाऱ्या शीर्षकाला प्रतिसाद चटकन मिळतो, हे कोणत्याही निर्मात्याला फार काळ शिकवावे लागत नाही. म्हणूनच 'प्रेक्षक वाढवा' हा निरुपद्रवी वाटणारा सल्ला बीडमध्ये निरुपद्रवी राहत नाही.

बाहेरचा प्रेक्षक टिकतोच असेही नाही. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा खेड्यापाड्यांतील ज्या मुलामुलींनी तेथे लाखोंचा प्रेक्षक जमवला होता, त्यांच्या हाती एका रात्रीत काही उरले नाही. तो प्रेक्षक त्यांचा कधी नव्हताच.

आपला खरा स्वाभाविक प्रेक्षक बाहेर आहे, आणि तोही बीडचाच आहे, हे या वाहिन्यांच्या फारसे लक्षात आलेले दिसत नाही. दसऱ्यानंतर जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात. चार-सहा महिने त्यांचे गाव फोनमध्ये असते. पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर गेलेली मुले वेगळीच. त्यांना गावातील मयत, लग्न, पाऊस, विहिरीची पातळी हवी असते. ही माणसे संख्येने कोटीत जाणार नाहीत. पण ती शेवटपर्यंत पाहतील.

माजलगावच्या ओव्या

मग लहान वाहिनीचे मूल्यमापन कशाने करावे? या संदर्भात बीड जिल्ह्यातीलच एक दाखला विचारात घेण्याजोगा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे जे प्रचंड काम उभे केले, त्यात माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांनी गायिलेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. त्या वेळी त्यांना वस्तीबाहेर श्रोता जवळपास नव्हता. कोणत्याही आकड्याच्या कसोटीवर ते ध्वनिमुद्रण निष्फळ होते. पुढे हा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळाकडे आला आणि २०१७ पासून त्या ओव्या शब्द, आवाज आणि अनुवादासह जगापुढे आल्या. वीस वर्षे त्या टिकल्या, कारण कोणीतरी त्या ओवी-ओवीने लिहून, गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि तारीख नोंदवून जपल्या होत्या.

यूट्यूबवर पडलेल्या बीडच्या हजारो चित्रफितींत अशी सामग्री नाही असे म्हणता येणार नाही. कोणी आजीला लग्नातली गाणी म्हणायला लावली आहेत, कोणी पोतराजाला, कोणी वासुदेवाला बोलते केले आहे. मात्र शीर्षकात गावाचे नाव नसते, गाणाऱ्या बाईचा उल्लेख 'आमची आजी' एवढाच असतो, तारीख चढवल्याची असते, गायल्याची नसते. पाहण्यांचा आकडा दोन अंकी राहिला की निर्माता कंटाळतो. फोनमध्ये जागा करण्यासाठी मूळ फाईल पुसतो. ईमेलचा संकेतशब्द विसरतो. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत स्थानिक दैनिकांच्या फायली बांधून ठेवण्याची पद्धत आहे, वाहिन्यांच्या चित्रफितींची प्रत मागून घेऊन ठेवण्याची नाही. यासाठी लागणारी साधने एक हार्ड डिस्क, एक नोंदवही आणि मराठी विभागातील दोन विद्यार्थी यांहून अधिक नाहीत. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी एका तालुक्यातील थांबलेल्या वाहिन्या निवडून, निर्मात्यांच्या संमतीने, प्रत्येक चित्रफितीचे गाव, बोलणारा, बोली, विषय आणि ऋतू यांची नोंद करता येईल. धारूर किंवा शिरूर कासार अशा एखाद्या लहान तालुक्यापासून आरंभ केल्यास एका शैक्षणिक वर्षात हे काम आवाक्यात येण्यासारखे आहे.